देव्हारा आणि भंगार

माणसाला मेल्यावर दोन गती सांगितल्या आहेत. मोटारीला त्या जिवंतपणीच मिळू लागल्या आहेत. पन्नास वर्षांची मोटार एकतर देव्हाऱ्यात बसवायची, म्हणजे घासूनपुसून वर्षातून एकदा मुंबई-पुण्याच्या मेळ्यात मिरवून आणायची आणि पुन्हा चादरीखाली झाकून ठेवायची. नाहीतर तिचे पत्रे सोलून भंगारवाल्याच्या काट्यावर चढवायची. तिसरी गती, म्हणजे तिने चारचौघींसारखे रोज रस्त्यावर चालावे, आठवड्याचा बाजार करावा, जेऊरच्या स्टेशनावरून पाहुणे आणावेत, ही आता कोणालाच मान्य नाही. सरकारला नाही, शौकिनांना नाही आणि शेजाऱ्यांना तर मुळीच नाही. त्या तिसऱ्या गतीची वकिली करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला इंजिनाचा विषय जरा तेलकट वाटेल. पण चकलीही तेलातूनच बाहेर येते, तेव्हा वाचकांनी रागावू नये.

वकिलाचा पक्षकाराशी संबंध काय, हे आधी सांगितले पाहिजे. करमाळ्यात माझ्या दारात १९६८ सालची अँबॅसडर मार्क टू उभी असते. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लिलावात मी ती १९८९ साली घेतली. तेव्हा मी हायस्कुलात शास्त्र शिकवीत होतो, आणि मास्तराने मोटार घ्यावी हा गावात आठ दिवस विनोदाचा विषय झाला होता. गेल्या दोन वर्षांत मी आणि नगर-टेंभुर्णी रस्त्यावरचे एक मिस्त्री अशा दोघांनी मिळून त्या गाडीचा कार्बोरेटर उतरवला आणि त्या जागी गावातच बनवलेला मॅनिफोल्ड आणि दोन इंजेक्टर बसवले. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारी नळ्यांची जोडणी. गाडी उत्तम चालते. ज्यांना ती चाललेली बघवत नाही, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

भांडणाचे मूळ पेट्रोलात आहे. कार्बोरेटर हे यंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अत्तराचा फवारा डोळ्यांपुढे आणावा. हवा अरुंद वाटेने वेगात गेली की तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या वाटीतले पेट्रोल ती आपल्याबरोबर ओढून घेते. माझ्या गाडीवर होता तो एस. यू. जातीचा कार्बोरेटर. इंग्लंडातल्या स्किनर नावाच्या घराण्याने तो विसाव्या शतकाच्या आरंभी काढला. घराणे जोड्यांच्या व्यापारातले, त्यामुळे पहिल्या कार्बोरेटरांना चामड्याचा भाता होता! पुढे भात्याच्या जागी पितळी-ॲल्युमिनमचा दट्ट्या आला. हवेची ओढ वाढली की दट्ट्या उचलला जातो, त्याला लटकलेली निमुळती सुई पेट्रोलच्या भोकातून वर सरकते आणि जेवढी हवा तेवढे पेट्रोल सुटते. इतके साधे आणि इतके चतुर यंत्र मी दुसरे पाहिले नाही. मी वर्गात दाब शिकवायचो तेव्हा हाच कार्बोरेटर टेबलावर मांडीत असे. तेव्हा मी त्याचा वैरी आहे असे कोणी समजू नये.

पण ती सुई घासली गेली ती पेट्रोलसाठी, आणि ते पेट्रोल आता राहिलेले नाही. २००१ साली मिरज, मनमाड आणि बरेली येथे पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले. तीन गावांतली दोन आपल्या महाराष्ट्रातली, हे ध्यानात घ्यावे. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले आणि २०२५ साली वीस. मी उसाच्या तालुक्यात राहतो. १९८० मध्ये उजनीचे धरण झाले, पाणी आले आणि ज्या रानात ज्वारीसुद्धा रडतरखडत यायची तिथे ऊस उभा राहिला. आमच्या तालुक्यात शेलगावला आदिनाथ आणि भिलारवाडीला मकाई असे दोन सहकारी कारखाने निघाले. उसापासून निघालेले चार थेंब मोटारीत जळून शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे पडत असतील तर मी दोन्ही हात वर करून मत देईन. परंतु रसायनशास्त्र मतदान ओळखत नाही. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला ९ भागच पुरते. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता जास्त इंधन दिले पाहिजे, आणि स्किनरांच्या सुईला हे सांगणार कोण? ती आपली जुन्या मापाने देत राहते. मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते, चढावर अडखळते, थंडीत सकाळी उठायला कुरकुरते. भरीला इथेनॉल पाणी ओढून धरतो, टाकीतला जुना गाळ सोडवतो आणि जुन्या रबराला नि बुचाच्या पॅकिंगला खातो. हे मी पदरचे सांगत नाही. नीती आयोगाने २०२१ साली जो आराखडा काढला त्यातच लिहिले आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्के मिश्रणावर जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची धाव वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल. हा झाला त्यातल्या त्यात नव्या गाड्यांचा हिशेब. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या आखणीच्या गाडीची कथा काय सांगावी!

आता न्याय पाहा. सरकारने गाडीचे अन्न बदलले. बदलताना गाडीला विचारले नाही. ते ठीक आहे, गाडीला कोण विचारतो? पण अन्न बदलल्यावर गाडीने आपले तोंड बदलून घ्यायचे ठरवले, की तेच सरकार कायद्याचे पुस्तक उघडते.

तोंड बदलण्याचा उपाय जगाला ठाऊक असलेला आहे. इंजेक्टर नावाची बारीक झडप विजेवर उघडते, ठरलेल्या दाबाचे पेट्रोल ठरलेल्या वेळापुरते फवारते आणि मिटते. किती वेळ उघडायचे ते एक छोटा विजेचा मेंदू ठरवतो. धुराच्या नळीत बसवलेला प्राणवायूचा संवेदक त्या मेंदूला क्षणोक्षणी कळवत असतो की मिश्रण पातळ झाले की दाट. टाकीत दहा टक्के इथेनॉल असो की वीस, मेंदू चव घेऊन माप बदलतो. घरात एखादी सुगरण असते, ती मिठाचे माप कधी सांगत नाही. रस्सा जिभेवर टेकवून पाहते आणि चिमूट टाकते. तसे हे आहे.

यावर आमच्याकडचे जाणते म्हणतात, हे परदेशी खूळ करमाळ्याला कशाला? मला त्यांच्या अज्ञानाची गंमत वाटते. इंजेक्शन आमच्या तालुक्यात मोटारीच्या आधी आले, ते विहिरीवर! ज्याला आपण पाण्याचे इंजिन म्हणत होतो ते डिझेल इंजिन म्हणजे दुसरे काय? साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकातच देशी डिझेल इंजिन करून दाखवले. १९४६ साली किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी निघाली आणि तिची इंजिने विहिरी-विहिरींवर फटफटू लागली. त्या प्रत्येक इंजिनाच्या डोक्यावर पंप आणि नोझल असते. नोझल काढून, हाताने पंप मारून, फवारा धुक्यासारखा पडतो की शिंतोड्यांसारखा हे बघणारे अडाणी म्हणवले जाणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. ते नोझल तरी कुठले? पुष्कळदा नाशिकचे. मायकोचा, आता ज्याला बॉश म्हणतात त्या कंपनीचा, कारखाना तिथे १९७० च्या सुमारापासून आहे, आणि नाशिकात एका चौकाचे नावच मायको सर्कल पडून गेले आहे. राहिले पेट्रोलचे विजेवरचे इंजेक्शन. जर्मनीच्या बॉशनेच ते १९६७ साली फोल्क्सवागनच्या गाडीवर बसवून बाजारात आणले, कारण कॅलिफोर्नियात धुराचे नियम कडक झाले होते. माझी गाडी १९६८ ची. म्हणजे जो उपाय माझ्या गाडीपेक्षा एका वर्षाने वडील आहे, त्याला हे लोक आधुनिक भेसळ म्हणतात!

खरी कसोटी पुढेच होती, आणि ती ठाऊक असती तर टीकाकारांनी मला अधिक नेमके छळले असते. अँबॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन हे इंग्लंडच्या बी. एम. सी. कंपनीच्या आखणीचे. त्यात सिलिंडर चार, पण हवा आत घेण्याची दारे दोनच. पहिल्या-दुसऱ्याला मिळून एक, तिसऱ्या-चौथ्याला मिळून एक. आत गेल्यावर वाट दुभंगते. मी हे वहीत काढून दाखवले तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, "गुरुजी, ह्ये तर एका नळावर दोन बिऱ्हाडं झाली की!" याहून चांगले वर्णन मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. त्यात आणखी पाणी येण्याची वेळ सारखी नाही. या इंजिनात सिलिंडरांची पाळी एक, तीन, चार, दोन अशी चालते. म्हणजे दुसरे बिऱ्हाड हवा ओढते, अर्ध्या फेऱ्यात लगेच पहिले ओढते, आणि ते संपल्यावर पुढचा सुमारे एक फेरा नळावर सामसूम. पलीकडे तिसरे आणि चौथे यांचेही तेच. या सामसुमीत इंजेक्टर फवारत राहिला तर साचलेले सगळे पेट्रोल आधी दार उघडणाऱ्याच्या घरात जाते आणि मागाहून आलेल्याच्या वाट्याला नुसती हवा उरते. एक सिलिंडर काळा धूर काढतो, शेजारचा तापून पांढरा पडतो. कार्बोरेटर दुरून, सावकाश मिश्रण करून पाठवतो म्हणून त्याला हे भांडण तितकेसे जाणवत नाही. इंजेक्टर दाराशी बसला की भांडण त्याच्या अंगावर येते.

इंग्रजांनाही हे कोडे पडले होते. त्यांच्या छोट्या मिनी मोटारीचे इंजिन याच कुळातले. रोव्हर कंपनीने १९९६ पासून २००० पर्यंतच्या मिनीवर चार सिलिंडरांना दोनच इंजेक्टर दिले आणि प्रत्येकाने दोनदा, पाळी पाहून फवारावे अशी योजना केली. आम्ही तीच युक्ती उचलली. चांगली कल्पना उचलण्यात मला लाज वाटत नाही. शिक्षकाचा सगळा धंदाच त्यावर चालतो.

पाळी ओळखायची तर मेंदूला इंजिन नेमके कुठे फिरते आहे हे कळले पाहिजे. पुढच्या पुलीवर छत्तीस दात्यांचे एक चाक बसवले आणि त्यातला एक दाता कापून टाकला. संवेदकासमोरून दाते सरकतात, पोकळी आली की फेरा पुरा झाल्याचे कळते. पण पाळीचे चक्र दोन फेऱ्यांचे, म्हणून डिस्ट्रिब्यूटर, जो अर्ध्या गतीने फिरतो, त्याच्या पोटात दुसरा संवेदक घातला. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असताना अर्ध्या फेऱ्याला साडेसात सहस्रांश सेकंद मिळतात. एवढ्या अवधीत पहिल्या बिऱ्हाडाची कळशी भरून दुसऱ्याची लावायची! मेंदू मात्र विकत आणला, म्हणजे त्याचे सुटे भाग आणले. अमेरिकेतल्या बॉलिंग आणि ग्रिपो या दोघा हौशी गृहस्थांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी मेगास्क्वर्ट नावाचा, ज्याचा त्याने जोडून घ्यायचा, मेंदू काढला. त्याच वाटेने पुढे इतरांनी स्वस्त आर्डुइनो पट्टीवर चालणारे मेंदू केले आणि त्यांचे नकाशे जगाला फुकट वाटले. मिस्त्रींच्या मुलाने सोलापूरला डिप्लोमा केला आहे. डाग देण्याचे आणि संगणकाचे काम त्याने अंगावर घेतले. मेंदूत सोळा गुणिले सोळा, म्हणजे दोनशे छप्पन घरांचा पाढा असतो: इतकी गती आणि इतका दाब असला तर इतके पेट्रोल. तो पाढा आम्ही जेऊरच्या रस्त्यावर भरला. मी गाडी चालवायचा, पोरगा मांडीवर संगणक घेऊन आकडे बदलायचा, आणि रस्त्याकडेचे लोक समजायचे की सरकारी मोजणी आली.

मॅनिफोल्डाचे काम मात्र मिस्त्रींचे. या इंजिनात हवेची आणि धुराची नळी एकाच बाजूला शेजारी शेजारी असतात आणि एकाच बोल्टाखालची जाड चकती दोघींना दाबून धरते. तेव्हा नव्या पट्टीची जाडी धुराच्या नळीच्या कानाइतकीच, केसभरही कमी-जास्त नाही, अशी लागते. नाहीतर एक घट्ट बसते आणि दुसरी फुसफुसते. बारा मिलिमीटरची पट्टी गॅसने कापून मिस्त्रींनी ती कानशीने दोन दिवस घासली. वेल्डिंग करताना पट्टी तापून वाकते, म्हणून भंगारातून याच इंजिनाचे एक फुटके हेड आणून त्यावर पट्टी आवळली आणि मगच नळ्या जोडल्या. पुढे दीड लिटरचा हवेचा डबा, आणि डब्याच्या तोंडाशी भंगारातल्या मारुतीची थ्रॉटल बॉडी. सांधे साबणाच्या पाण्याने तपासले. हे सारे लिहायला चार ओळी लागल्या. करायला एक पावसाळा लागला. मिस्त्रींनी मजुरी लावली ती मी येथे सांगत नाही, कारण ती वाचून पुण्यातले लोक गाड्या घेऊन करमाळ्याला येतील.

आता शौकिनांचा आक्षेप घेऊ. त्यांचे म्हणणे, जुनी गाडी मूळ रूपात ठेवावी. तिच्यात बदल करणे म्हणजे वारशाचा अपमान. मी विचारतो, मूळ कोणते? अँबॅसडर हीच मुळी इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची उत्तरपाड्याला वसलेली लेक. १९५७ साली निघाली तेव्हा तिचे इंजिन वेगळे होते, दोन-तीन वर्षांत दुसरे आले. पुढे जपानी इसुझूचे १८०० चे इंजिन बसले आणि अखेरच्या काळात कंपनीने स्वतःच तिच्यावर पेट्रोल इंजेक्शन चढवले. मे २०१४ मध्ये कारखाना थांबला. म्हणजे कंपनीने केला तो विकास, आणि मी केला तो अपमान? आमच्या कमलाभवानीच्या देवळाला शहाण्णव खांब सांगतात. तिथे विजेचे दिवे लागले म्हणून देवी उठून गेली नाही. शिवाय मी एकही भोक पाडलेले नाही. जुना कार्बोरेटर, त्याचा मॅनिफोल्ड, सुई, सगळे तेल लावून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले आहे. अर्ध्या दिवसात गाडी १९६८ मध्ये परत नेता येईल. मात्र त्यासाठी १९६८ चे पेट्रोल कोणी आणून द्यावे.

शौकिनांचे एक वेळ सोडा. त्यांचा छंद त्यांना लखलाभ. कायद्याचे तसे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम म्हणते, नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला. न्यायालयापुढे होते ते सांगाड्याचे बदल, आणि रस्त्यावरचे ते राक्षसी प्रकार पाहिले तर कोणीही तसाच निकाल देईल. माझ्या नोंदणीपत्रात इंजिनाचा क्रमांक, सिलिंडर, घनफळ, इंधन हे सर्व जसेच्या तसे आहे. कार्बोरेटरचा शब्दही त्यात नाही. तरीही नोंदणीचे नूतनीकरण करायला गेलो तेव्हा एका कार्यालयातल्या साहेबांनी बॉनेट उघडायला लावले, आत डोकावले आणि म्हणाले, "हे कंपनीचं नाही." मी म्हणालो, कंपनीच नाही. विनोद त्यांना आवडला नाही. कागद परत आले.

मग त्यांनीच सुचवले की गाडी पुराणी म्हणून नोंदवा. तो मार्गही मी वाचून पाहिला. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी काढली आहे. नव्याने नोंदवायला वीस हजार, दहा वर्षांनी पुन्हा पाच हजार, आणि नंबरात व्ही. ए. ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि तिने रस्त्यावर यायचे ते प्रदर्शनासाठी, मेळ्यासाठी, तांत्रिक संशोधनासाठी किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला बंदी. म्हणजे देव्हाऱ्यात जायचे तर सोवळे पाहिजे, आणि देव्हाऱ्यात गेल्यावर बाहेर पडायचे नाही! उरला जुना मार्ग. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचे नूतनीकरण सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्यांसाठी तेही दुप्पट झाले. पैसे भरायला माझी ना नाही. पण दर एवढा चढवण्याचा अर्थ भंगारवाल्याचा पोरही सांगेल.

यात सर्वांत मोठी मौज अशी की त्याच ५२ व्या कलमात गॅसवर किंवा विजेवर गाडी नेण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवायची मुभा आहे. म्हणजे डिकीत गॅसची टाकी ठेवली तर चालते, इंजिनच काढून बॅटरी भरली तर चालते. पण तेच इंजिन, तेच इंधन, फक्त माप सुधारले, तर त्यासाठी मालकाला साधी वाट नाही. पुण्याची ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ पासून आहे, आणि तिथे मोठे कारखानदार आपले संच तपासून घेतात. एकुलत्या एका गाडीच्या मालकाने तिथे जाणे म्हणजे एका पुरणपोळीसाठी गिरणी विकत घेण्यासारखे.

एक आक्षेप मात्र मी मान देऊन ऐकतो, तो आगीचा. कार्बोरेटरला पेट्रोल पोचते ते नुसत्या ढकलण्याच्या दाबाने. इंजेक्टरला तीन बार लागतात, म्हणजे मोटारीच्या चाकात असतो त्याच्या दीडपट. जुनी रबरी नळी तिथे लावली तर ती फुटून गरम धुराड्यावर पेट्रोल उडेल आणि मग लेख लिहायला कोणी उरणार नाही. म्हणून नळ्या इंजेक्शनच्याच घ्याव्या लागतात, चिमटे दुहेरी, आणि इंजिन थांबले की पंप आपोआप बंद व्हावा अशी कळ. आम्ही हे सारे केले आहे. पण सगळेच करतील याची हमी मी कशी देऊ? म्हणूनच मी बंदीऐवजी तपासणी मागतो. जर्मनीत मालकाने केलेला बदल तज्ज्ञ तपासनीसापुढे न्यायची, त्याने पाहून, ठोकून, चालवून, कागदावर नोंद करायची अशी रीत आहे, आणि तिथल्या रस्त्यांवर काही प्रलय झालेला ऐकिवात नाही. आपल्याकडे धूर तपासण्याची यंत्रे पेट्रोलपंपावर आहेत. अशा जुन्या गाडीला तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे. माझी गाडी कार्बोरेटरवर त्या काठावर असायची, आता निम्म्यावरही जात नाही. नळी, सांधा, दाब, धूर तपासायला तंत्रनिकेतनातले दोन प्राध्यापक आणि एक सकाळ पुरे आहे. शिवाय ज्या कारागिराने काम केले त्याची सही कागदावर यावी. आज मिस्त्री चोरून काम करतो, कारण कायद्याच्या लेखी तो नाहीच.

आणि या कारागिराचे काय होणार, हे कोणी बोलत नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत सहाची मानके आली आणि साध्या मोटरसायकलीलाही इंजेक्शन आले. त्या दिवसापासून तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीच्या हातातून काम निसटायला लागले. कार्बोरेटर उघडून, फुंकर मारून, दहा मिनिटांत गाडी चालू करून देणारा माणूस आता बंद पडलेल्या गाडीकडे नुसता बघत उभा राहतो आणि म्हणतो, कंपनीत न्या. शिकवणारे कोणी नाही, पुस्तक मराठीत नाही, आणि नव्या गाडीवर हात टाकून शिकावे तर गिऱ्हाईक मारायला उठेल. अशा वेळी शिकायला माझ्या म्हातारीसारखी गाडी हवी. तिचे सगळे पोट उघडे, स्क्रू डोळ्यांना दिसणारे, चुकले तर परत काढता येण्यासारखे. आमचे मिस्त्री त्या एका पावसाळ्यात जे शिकले त्यावर आता रोज दोन-तीन इंजेक्शनच्या मोटरसायकली उरकतात. परवा म्हणाले, "गुरुजी, आदी मला वाटायचं आत भूत हाय. आता कळलं, नुसता नळ हाय." नवी गाडी घेऊन टाका, असे सांगणाऱ्या मंडळींनी हा हिशेब आपल्या वहीत कुठे धरला आहे? जुनी मोटार मोडीत काढून मिळणारे लोखंड किलोने मोजतात. तिच्यावर शिकलेला हात कोणत्या काट्यावर घालणार?

मी परिवहन खात्याला अर्ज केला आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत: पन्नास वर्षांवरच्या, रोज वापरातल्या मोटारीला इंधन-पुरवठ्यातला बदल तपासणीनंतर नोंदवता यावा, तपासणी जिल्ह्यातल्याच तंत्रनिकेतनात व्हावी, आणि बदल करणाऱ्या कारागिराचे नाव कागदावर यावे. सोबत मॅनिफोल्डाचे मापांसह रेखाचित्र, दाबाच्या नोंदी आणि धुराच्या चार पावत्या जोडल्या आहेत. खाते म्हणेल त्या दिवशी, म्हणेल त्या गावी मी गाडी घेऊन येतो, असेही लिहिले आहे; ती स्वतःच्या चाकांवर येईल, टेम्पोत घालून आणावी लागणार नाही. उत्तर अजून आलेले नाही. अर्जाची पोच माझ्याजवळ आहे, शिक्क्यासह.